एक कार्ड, दोन माणसं

हीथ्रोच्या ट्यूब स्टेशनवर नवरोबाने झोकात कार्ड टेकवलं, गेट उघडलं आणि साहेब पलीकडे! मग वळून तेच कार्ड त्याने माझ्या हातात दिलं. मी टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. माझ्यामागे ही रांग, हातात तेवीस किलोची बॅग, पाठीवर सॅक आणि गेटच्या पलीकडे माझा लग्नाचा नवरा. मधे काचेची दोन फाटकं. आमच्या हनिमूनची सुरुवात ही अशी झाली.

तेवढ्यात निळ्या जॅकेटातल्या एक काकू आल्या. रांगेला त्यांनी शेजारच्या गेटकडे वळवलं आणि मला अगदी प्रेमाने सांगितलं, ‘एका कार्डावर एकच माणूस, लव्ह!’ (लंडनमध्ये तिकीटवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कुणीही कुणाला लव्ह म्हणतं. नवऱ्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) त्याचं लॉजिक साधं आहे. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना तेच टेकवायचं आणि मधल्या अंतराचे पैसे मशीन आपोआप कापून घेणार. एकच कार्ड दोघं वापरायला लागले तर मशीनने कुणाचा हिशेब ठेवायचा? म्हणून माणशी एक कार्ड. तुम्ही जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. नवरोबाच्या चौदा कलमी एक्सेल शीटमध्ये हे कलम नव्हतं.

आमच्याकडे फॉरेक्स कार्ड एकच होतं, त्याच्या नावाचं. माझ्या डेबिट कार्डाचे परदेशी व्यवहार बंद होते. ते सुरू करायचे तर ओटीपी हवा, ओटीपी यायला फोन हवा आणि माझ्या फोनवर रोमिंग घेतलेलं नव्हतं, कारण ‘एकाच्या फोनवर घेतलं की झालं, हॉटस्पॉट आहे की’. हे वाक्य कुणाचं ते तुम्ही ओळखलं असेलच. शेवटी पाकिटातल्या कोऱ्या नोटा काढून मशीनमधून ऑयस्टर कार्ड घेतलं. निळं, गुळगुळीत. सात पौंड नुसत्या प्लॅस्टिकचे, वर टॉपअप वेगळा. ही जून २०२४ ची गोष्ट, तेव्हा पौंड १०६ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे जवळजवळ साडेसातशे रुपये प्लॅस्टिकला!

पण खरं सांगू? मला पैशांचं वाईट वाटलंच नाही. त्या लाल दिव्यापाशी मला एक शब्द आठवला होता आणि तो काही केल्या डोक्यातून जात नव्हता. डिपेंडंट.

आता थोडा फ्लॅशबॅक. आमचं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झालं. हनिमून त्याच्या प्रोजेक्टने खाल्ला, मग माझ्या एका पुस्तकाच्या कामाने खाल्ला. गणपतीपुळ्याला दोन दिवस जाऊन आम्ही तोंडाला पानं पुसून घेतली. जानेवारीत जिद्दीने लंडनची तिकिटं काढली. आणि निघायच्या बरोब्बर दोन आठवडे आधी त्याच्या कंपनीने त्याला ऑफर दिली. दोन वर्षं. लंडन. सोमवारी तिथल्या मॅनेजरला भेटायचं आणि हो किंवा नाही सांगायचं. झालं! हनिमूनची झाली पाहणी. शेजारच्या काकूंपासून माझ्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांनी अभिनंदन केलं. तुझं काय गं, लॅपटॉप उघडायचा आणि कुठूनही लिहायचं! हे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मानधनाच्या चेकसाठी ऑफिसच्या जिन्यावर ताटकळत काढलेली दुपार बघितलेली नाही. मी मराठीत लिहिते. माझी कामं मिळतात ती कुणीतरी कुणाच्यातरी लग्नात भेटल्यावर, नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये वडा खाताना. नवऱ्याबरोबर जाणाऱ्या बायकोला तो डिपेंडंट व्हिसा मिळतो, त्यावर तिला तिथे नोकरीही करता येते. कायद्याची काही अडचण नाही. अडचण माझी आहे. कुठली नोकरी?

तर विमानात आमचा तह झाला. शुक्रवार फक्त फिरायचा. हा विषय काढायचा नाही. शनिवारी सकाळी शांतपणे बोलू.

पिकॅडिली लाइन हीथ्रोहून सरळ अर्ल्स कोर्टला आणते. आमचं हॉटेल तिथेच. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन जास्त चकाचक आणि वेगवान आहे, पण खिशालाही तितकीच वेगवान! पिकॅडिलीचे डबे १९७३ च्या बनावटीचे, बुटके, वरून गोल. दाराशी उभं राहिलं की उंच माणसाने मान कलती करायची. आपल्या लोकलच्या मानाने खेळण्यातली गाडी वाटते. पण मला ती आवडली, कारण सुरुवातीचा बराच वेळ ती जमिनीवरून धावते आणि लोकांच्या घरांच्या मागच्या बाजू दाखवते. हाऊन्स्लोच्या आसपास एका अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. शेजारी पुदिन्याची कुंडी असावी, निदान मला तरी ती पुदिन्याची वाटली. नवराही तिकडेच बघत होता. आम्ही दोघं काही बोललो नाही. तह!

हॉटेलची खोली दोनशिवाय मिळणार नव्हती. बॅगा तळघरात टाकल्या, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि बाहेर पडलो. जेट लॅगचा एकच फंडा आहे, रात्र होईपर्यंत अंथरुणाचं तोंड बघायचं नाही. आपलं घड्याळ उन्हाळ्यात त्यांच्या साडेचार तास पुढे, त्यामुळे तिथे सकाळचे दहा म्हणजे शरीराच्या मते दुपारचे अडीच, म्हणजे जेवून आडवं व्हायची वेळ. वर रात्रभर विमानात झोप नाही. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होत होतं.

डिस्ट्रिक्ट लाइनने वेस्टमिन्स्टर. स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आलो, मान वर केली आणि... समोर, अगदी अंगावर आल्यासारखा बिग बेन! इतक्या वेळा कॅलेंडरवर, सिनेमात, बिस्किटांच्या डब्यावर पाहिलेला, की ओळखीचं कुणीतरी अचानक भेटल्यासारखं झालं. तेवढ्यात अकराचे ठोके पडले. आख्खा फूटपाथ थांबला. मी तर चक्क रडायला लागले. जेट लॅग, दुसरं काय!

तसं बिग बेन हे मनोऱ्याचं नाव नाही. ते आतल्या मोठ्या घंटेचं नाव. मनोऱ्याचं २०१२ पासूनचं नाव एलिझाबेथ टॉवर. घंटा साडेतेरा टनांहून जड. गंमत म्हणजे १८५९ मध्ये वाजायला लागल्यावर काही महिन्यांतच तिला तडा गेला. बदलायची कुणी? एवढी वर चढवलेली! मग त्यांनी घंटा थोडी फिरवली, तडा नसलेली बाजू हातोड्यासमोर आणली, हातोडाही हलका केला. तडा अजून आहे. २०१७ ते २०२२ मनोऱ्याची एवढी मोठी दुरुस्ती झाली, पण तो आवाज ऐकू येतो तो त्या तड्यासकट.

नवरोबाने त्रेचाळीस फोटो काढले. मोजलेत मी. मग सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पहिला प्रश्न, ‘मफलर घातलास का?’ जून महिना, पण हवा खरंच सोळा डिग्री होती, त्यामुळे आई बरोबर होत्या. मग त्यांनी मला स्क्रीनवर बोलावलं. ‘किती छान गं! आणि हे बघ, तिकडे महाराष्ट्र मंडळ आहे म्हणे, १९३२ पासूनचं. गणपती असतो, दिवाळी असते. करमेल तुला.’

करमेल तुला. भविष्यकाळ! मी हसले, टाटा केलं, फोन परत दिला. नवरा एकदम पार्लमेंटच्या खिडक्यांच्या नक्षीकामात रस घ्यायला लागला.

पार्लमेंट स्क्वेअरच्या हिरवळीवर पुतळ्यांची गर्दी आहे. चर्चिल ओव्हरकोट घालून उभे आणि त्याच हिरवळीवर २०१५ पासून पंचा नेसलेले गांधीजी. ज्यांनी गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं, त्यांनाच आता ऊन-पाऊस गांधीजींच्या सोबतीने काढावे लागताहेत. सही ना? पण मी जास्त वेळ थांबले ती मिलिसेंट फॉसेटपाशी. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली बाई. तिचा पुतळा २०१८ मध्ये बसला आणि या चौकातला तो बाईचा पहिला पुतळा. २०१८! इतकी वर्षं त्या हिरवळीवर फक्त कोटवाले पुरुष. नवरा म्हणाला, ‘चल ना, अजून बारा आयटम बाकी आहेत.’

व्हाइटहॉलने चालत ट्रॅफल्गर स्क्वेअर पंधराएक मिनिटांवर. वाटेत डाउनिंग स्ट्रीटचं काळं फाटक, त्यापलीकडे बंदूकवाले पोलीस. दहा नंबरचं दार दिसत नाही. पुढे घोड्यावरचे शिपाई, त्यांच्यासोबत सेल्फी काढणारे लोक आणि त्यातल्या एकाचा स्कार्फ चावणारा घोडा. दहा मिनिटं तिथे मजेत गेली.

ट्रॅफल्गर स्क्वेअर म्हटलं की आपल्या पिढीला नेल्सन नाही आठवत, अमरीश पुरी आठवतात. ‘दिलवाले दुल्हनिया’च्या सुरुवातीला कबुतरांना दाणे टाकणारे, वर्षानुवर्षं लंडनमध्ये राहून पंजाबच्या आठवणीने झुरणारे बाबूजी. १९९५ चा तो सिनेमा. मी तेव्हा रांगत होते, पण पाहिला मात्र पन्नासदा. दाणे टाकायला आता चौकात बंदी आहे, २००३ पासून. कबुतरं उरली आहेत थोडी, टूरिस्टांच्या चिप्सवर डोळा ठेवून. नवऱ्याला मी म्हटलं, ‘इथेच उभे होते बघ, झुरत.’ तो म्हणाला, ‘तू टोमणा मारतेयस का?’ नव्हते हो मारत! निदान तेव्हा तरी.

भूक लागली होती. जवळच्या सुपरमार्केटात शिरलो. तिथे मील डील नावाचा प्रकार असतो. एक सँडविच, एक चिप्सचं पाकीट, एक पेय, तिन्ही मिळून तेव्हा चार पौंडांच्या आत. लंडनमध्ये नोकरी करणारी निम्मी जनता दुपारी यावरच जगत असावी. मी दोघांची पाकिटं उचलली, काउंटरपाशी आले, तर नवरा गायब! शोधलं. साहेब शेवटच्या रांगेत उभे. हातात फोन. समोर तांदूळ, डाळी. तो भाव टिपून घेत होता. दूध, कांदे, बासमती, तूरडाळ. शेजारी एका कॉलममध्ये रुपये. आणि खाली एक ओळ: वन बीएचके, झोन थ्री.

चौकाच्या पायऱ्यांवर बसलो. माझ्या हातात सँडविच, पण घास उतरेना.

‘तू फिरायला आलायस की संसार मांडायला?’

‘अगं, नुसतं बघत होतो.’

‘आणि आईंना कुणी सांगितलं?’

‘मी फक्त शक्यता सांगितली.’

‘शक्यता? त्यांनी माझा गणपतीसुद्धा ठरवलाय!’

मग जे भांडण झालं ते तुम्हाला इथे पूर्ण सांगणार नाही. मराठीत भांडलो, मोठ्या आवाजात भांडलो. परदेशात हा एक फायदा, असं वाटत होतं. शेजारच्या पायरीवरचे आजोबा मधेच ‘पाण्याची बाटली घ्या’ म्हणाले तेव्हा कळलं की ते नागपूरचे! मुलीकडे आले होते. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, उलट तोंड फिरवून नेल्सनकडे बघत बसले. देव त्यांचं भलं करो.

भांडणातलं एकच सांगते. मी म्हटलं, ‘तू ठरवूनच आलायस.’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘ठरवलं असतं तर तूरडाळीचे भाव कशाला बघितले असते? मला भीती वाटतेय म्हणून बघतोय. नाही म्हटलं तर पुढच्या यादीत माझं नाव नसेल. हो म्हटलं आणि तू इथे चार भिंतींत कुढत बसलीस तर? पंधरा दिवस झाले, तू मला एकदाही विचारलं नाहीस, तुला काय वाटतंय म्हणून.’

खरं होतं. नव्हतं विचारलं. मी फक्त माझ्या बाजूचे मुद्दे गोळा करत होते, शनिवारसाठी. त्याची एक्सेल शीट, माझी मनातली शीट. फरक काय?

पण ते तेव्हा कबूल करायला मी काही संत नाही. मी उठले आणि समोरच्या नॅशनल गॅलरीत शिरले. फुकट आहे! लंडनमधली बरीचशी मोठी म्युझियम्स फुकट आहेत, हे त्या शहराचं माझ्यावरचं उपकार. वेस्टमिन्स्टर ॲबी, टॉवर ऑफ लंडन वगैरेंची तिकिटं तेव्हा माणशी तीस पौंडांच्या घरात. ती दोघांसाठी १०६ ने गुणायची म्हणजे पोटात गोळा येतो.

व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांसमोर एवढी गर्दी असते की चित्र दिसतं ते फोनच्या स्क्रीनवर. थोड्या वेळाने गर्दी ओसरली, बाकावर जागा मिळाली. मागोमाग नवरा येऊन शेजारी बसला आणि दोन मिनिटांत बसल्या बसल्या झोपला. मान माझ्याच खांद्यावर. भांडण चालू असताना! मी हलले नाही. समोर ती फुलं. काही टवटवीत, काही माना टाकलेली, सगळी पिवळ्यावर पिवळी. फुलदाणीवर सही, व्हिन्सेंट. ऑगस्ट १८८८ मध्ये आर्ल गावात त्याने ही काढली. त्याचा दोस्त गोगँ राहायला येणार होता, त्याच्या खोलीत लावायला म्हणून सूर्यफुलांच्या चित्रांचा सगळा घाट. ऑक्टोबरमध्ये गोगँ आला. दोघांनी एकत्र राहायचं, एकत्र चित्रं काढायची, असा बेत. दोन महिने टिकला. डिसेंबरमध्ये जबरदस्त भांडण, व्हॅन गॉगच्या कानाची ती भयानक गोष्ट आणि गोगँ चालता झाला. मला ही गोष्ट कॉलेजपासून माहीत होती. तेव्हा मी कायम व्हॅन गॉगच्या बाजूची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, त्या गोगँला कुणी विचारलं होतं का, बाबा रे, तुला इथे राहायचंय का? दुसऱ्याने कौतुकाने सजवलेल्या खोलीत बॅग घेऊन येणं सोपं नसतं.

अर्ध्या तासाने गार्डने खाकरून नवऱ्याला उठवलं.

बाहेर येऊन १५ नंबरची बस पकडली. डबलडेकर, वरचा मजला, सगळ्यात पुढची सीट! तेव्हाच्या पावणेदोन पौंडांत लंडन दर्शन. तासाभरात दुसरी बस बदलली तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. नोटा-नाणी मात्र बसमध्ये २०१४ पासून चालत नाहीत, कार्डच हवं. मी माझं ऑयस्टर टेकवलं. हिरवा. त्याने त्याचं टेकवलं. बोललो नाही, पण शेजारी बसलो. आम्ही भांडलो तरी वेगळ्या सीटवर बसत नाही, हा घरचा नियम.

बस स्ट्रँडवरून ऑल्डविचला वळली. उजवीकडे आपल्या हायकमिशनची इमारत, इंडिया हाउस. तिथून हाकेच्या अंतरावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये इथे शिकायला आले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत गेले, १९२० मध्ये पुन्हा आले, १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. ते शाळेपासून पाठ आहे. त्या काळात रमाबाई मुंबईत काय हालांत घर चालवत होत्या, हेही वाचलेलं आहे. पण बसच्या काचेतून ती गल्ली सरकताना पाहिली आणि दोन्ही गोष्टी पहिल्यांदा एकदम आठवल्या. आमच्या दोन वर्षांच्या ऑफरची त्याच्याशी तुलना करायचीसुद्धा लाज वाटली. तरी आठवलं खरं.

आणि मग बस एका अरुंद रस्त्यावर आली. नवरा एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला.

‘हा तुझा रस्ता.’

‘माझा?’

‘फ्लीट स्ट्रीट. तूच सांगायचीस ना, मास कॉमच्या नोट्समध्ये होता म्हणून.’

मी पाटी वाचली. खरंच फ्लीट स्ट्रीट! एकेकाळी इंग्लंडमधली जवळपास सगळी मोठी वर्तमानपत्रं या एका रस्त्यावर. रात्री तळघरात छपाईची यंत्रं धडधडायची, पहाटे गठ्ठे निघायचे. १९८६ मध्ये मर्डॉकने त्याची वर्तमानपत्रं वॉपिंगला हलवली, कामगारांचा मोठा संप झाला आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करत सगळे गेले. आता बँका, वकिलांची ऑफिसं, कॉफी शॉप्स. जुनी नावं काही भिंतींवर अजून दिसतात. आम्हाला ‘फ्लीट स्ट्रीट’ म्हणजे पत्रकारिता असं शिकवलं होतं आणि त्या रस्त्यावर आता पत्रकारच नाहीत. मी म्हटलं, ‘बघ, इथले पत्रकारसुद्धा इथे राहिले नाहीत, मी काय करू?’ आणि मलाच हसू आलं.

त्याने फोन उघडून एक्सेल शीट माझ्यासमोर धरली. आयटम नंबर नऊ. बस नं. १५, वरचा मजला, डावी बाजू. फ्लीट स्ट्रीट. पुढच्या रकान्यात, जिथे बाकी सगळीकडे तिकिटाचे दर होते, तिथे नुसतं माझं नाव.

सेंट पॉल्सचा घुमट कधी आला, कधी गेला, मला आठवत नाही.

टॉवर ऑफ लंडनच्या आत गेलो नाही. कोहिनूर आतमध्ये आहे. आपलाच हिरा बघायला दोघांचे मिळून सात हजारांवर रुपये? नवरा बाहेरूनच हात जोडून म्हणाला, ‘सांभाळा, येऊ पुन्हा.’ टॉवर ब्रिजवर चालत गेलो. (सगळे जण त्यालाच लंडन ब्रिज समजतात. लंडन ब्रिज वेगळा आणि दिसायला अगदीच सुमार. त्याच्या आधीचा जो होता तो एका अमेरिकनाने १९६८ मध्ये विकत घेतला आणि दगड दगड उचलून ॲरिझोनात नेऊन उभारला. हौस!) पुलाच्या मधोमध थांबून सकाळचं उरलेलं सँडविच खाल्लं. थंडगार वारा, खाली थेम्सचं चहाच्या रंगाचं पाणी. रात्रीचे आठ वाजलेले आणि ऊन कसं, पुण्यातल्या साडेपाचचं!

टॉवर हिलहून डिस्ट्रिक्ट लाइन सरळ अर्ल्स कोर्टला जाते. पण मी म्हटलं, मधे एम्बँकमेंटला उतरायचं. त्याचे डोळे मिटत होते. ‘ते शीटमध्ये नाही.’ मी म्हटलं, ‘माझ्या शीटमध्ये आहे.’

एम्बँकमेंटच्या पोटात नॉर्दर्न लाइनचा उत्तरेकडे जाणारा प्लॅटफॉर्म आहे. तो वळणावर असल्यामुळे गाडी आणि प्लॅटफॉर्म यांच्यात मोठी फट राहते. म्हणून गाडी आली की घोषणा होते, माइंड द गॅप. सगळ्या लंडनभर ही घोषणा आहे, पण इथला आवाज वेगळा. तो ओसवाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा. फार वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेला. एकेक करत बाकीच्या स्टेशनांवरून तो गेला, इथे राहिला. २००७ मध्ये लॉरेन्स वारले. त्यांची बायको मार्गारेट मॅकॉलम, पेशाने डॉक्टर. येता-जाता त्या या प्लॅटफॉर्मवर थांबायच्या. एक गाडी सोडायच्या, दुसरी येईपर्यंत बसायच्या. नवऱ्याचा आवाज ऐकायला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्या आल्या आणि आवाज दुसराच! नवी यंत्रणा बसवली होती. त्यांनी विनंती केली, निदान रेकॉर्डिंग तरी मिळेल का? रेल्वेच्या लोकांनी जुन्या टेप्स शोधल्या, त्यांना सीडी दिली आणि २०१३ मध्ये या एका प्लॅटफॉर्मवर तो आवाज पुन्हा लावला.

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. बाकावर बसवलं आणि म्हटलं, ऐक. गाडी आली. माइंड द गॅप. जुन्या रेडिओवरच्यासारखा, स्वच्छ, किंचित करडा आवाज. गाडी गेली. मग गोष्ट सांगितली. तो काहीच बोलला नाही. दुसरी गाडी आली, गेली. तिसरी आली.

‘माझा कुठला आवाज ऐकायला येशील तू?’

‘हॅलो, हॅलो, ॲम आय ऑडिबल?’

एवढा हसला की समोरच्या बाईने पुस्तकातून मान वर केली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, ‘सोमवारी मी त्यांना सांगतो, मला अजून एक महिना हवाय. चिडले तर चिडले.’

‘आईंना पण सांग.’

‘ते जास्त अवघड आहे.’

‘आणि ती शीट मला पाठव. तूरडाळीची. आणि झोन थ्रीत काय भाडं आहे?’

त्याने आकडा सांगितला. मी १०६ ने गुणला. पुन्हा एकदा गुणला. उत्तर तेच आलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. बसल्या बसल्या त्याची मान पुन्हा माझ्या खांद्यावर. दोघंही झोपलो असतो तर थेट शेवटच्या स्टेशनात गेलो असतो, म्हणून मी जागी राहिले आणि स्टेशनं मोजली. वेस्टमिन्स्टर, सेंट जेम्सेस पार्क, व्हिक्टोरिया, स्लोन स्क्वेअर, साउथ केन्सिंग्टन, ग्लॉस्टर रोड. मग त्याला हलवलं. डोळे न उघडता त्याने विचारलं, ‘आला का कोथरूड डेपो?’